वाय-फाय सुरू झाले नाही, तर घेतलेले परत कोण करणार?

लॅपटॉपला यूएसबीचे वाय-फाय उपकरण जोडले की एरवी काही क्षणांत आसपासच्या नेटवर्कांची यादी दिसू लागते. एखाद्या दिवशी ती दिसत नाही. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह आणि ‘कोड 10’ दिसतो, म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही. लिनक्सच्या नोंदींत फर्मवेअर सापडले नाही किंवा उपकरण उत्तर देत नाही अशा अर्थाची ओळ येते. उपकरण काढून पुन्हा लावले तरी फरक पडत नाही, दुसऱ्या खाचेत लावले तरी तेच. शेवटी संगणक बंद करून चालू केला की सगळे सुरळीत होते. ‘रीस्टार्ट करून बघा’ हा सल्ला आपण इतक्या सवयीने देतो-घेतो की त्यामागचे कारण कोणी विचारत नाही. उपकरण तेच, ड्रायव्हर तोच, फाइल तीच. मग रीस्टार्टने नेमके बदलले काय?

कधी उपकरणातली चिपच अडकलेली असते, आणि मग उपकरण काढून वीज तुटली की ती मोकळी होते. पण कधी अडचण संगणकाच्या बाजूला असते. पहिल्या फसलेल्या प्रयत्नात ड्रायव्हरने जे जे ताब्यात घेतले, त्यातले काही परत केलेले नसते, आणि पुढचे सगळे प्रयत्न त्या उरलेल्या सामानाला अडखळतात. रीस्टार्टमुळे मेमरीची पाटी कोरी होते, म्हणून तो उपाय लागू पडतो. या लेखाचे म्हणणे असे, की फसल्यानंतरची ही आवराआवर ड्रायव्हर लिहून झाल्यावर वेळ उरला तर करायचे काम नाही. घेण्याच्या प्रत्येक ओळीबरोबर परत देण्याची ओळ ठरली पाहिजे, आणि एखादी वस्तू पूर्ण तयार होण्याआधी तिचा पत्ता कोणालाही दिला जाता कामा नये. या दोन गोष्टी पाळल्या नाहीत तर काय होते, याचे चांगले दाखले वाय-फाय ड्रायव्हरांतच सापडतात.

एका ‘सुरू’मागच्या मागण्या

कर्नल हा संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा. मेमरी कोणाला किती द्यायची, प्रोसेसर कोणी केव्हा वापरायचा, उपकरणांशी कोणी बोलायचे हे तो ठरवतो. ड्रायव्हर हा त्याच गाभ्यात बसून एका विशिष्ट उपकरणाची भाषा बोलणारा प्रोग्रॅम. नवे उपकरण दिसले की कर्नल त्याला जुळणारा ड्रायव्हर शोधतो आणि ते चालू करण्याचे काम त्याच्यावर सोपवतो. लिनक्समध्ये या कामाला ‘प्रोब’ म्हणतात. पुढचे सारे विवेचन लिनक्सला धरून आहे, कारण त्याचा स्रोत कोणालाही वाचता येतो आणि आपल्या हातातले अँड्रॉइड फोन व घरातले बरेचसे राउटर त्याच कर्नलवर चालतात.

प्रोबचे काम लग्नाच्या मांडवासारखे असते. आधी मैदान ठरते, मग खांब रोवतात, खांबांवर कापड चढते, कापडाखाली दिव्यांची जोडणी होते, आणि सगळे नक्की झाल्यावर पत्रिका वाटल्या जातात. प्रत्येक टप्पा आधीच्यावर उभा असतो. लॅपटॉपच्या आत बसवलेल्या वाय-फाय कार्डाचा ड्रायव्हरही असाच चढत जातो. तो आधी कार्ड जागे करतो. मग कार्डाच्या रजिस्टरांवर, म्हणजे ज्या ठरावीक जागी आकडे लिहून कार्डाला हुकूम देता येतात त्यांच्यावर, आपला हक्क नोंदवतो. स्वतःच्या हिशेबासाठी मेमरी घेतो. मग मेमरीचा आणखी एक भाग असा घेतो, की ज्यात कार्डाला प्रोसेसरची मदत न घेता थेट लिहिता-वाचता येईल. या थेट व्यवहाराला डीएमए म्हणतात. त्यानंतर इंटरप्ट मागतो. इंटरप्ट म्हणजे ‘माझ्याकडे पाकीट आले आहे, लक्ष दे’ अशी कार्डाने प्रोसेसरला मारलेली हाक. ती आली की कोणते काम करायचे हे ड्रायव्हर सांगून ठेवतो. पुढे फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या छोट्या प्रोसेसरवर चालणारा प्रोग्रॅम, डिस्कवरून आणून कार्डात उतरवतो. सगळ्यात शेवटी कर्नलच्या वाय-फाय विभागाकडे नोंदणी करतो. ही नोंदणी म्हणजे पत्रिका: ती झाली की उरलेल्या संगणकाला हे वाय-फाय वापरता येऊ लागते. टप्प्यांचा नेमका क्रम ड्रायव्हरगणिक थोडा बदलतो, पण नोंदणी शेवटी हे मात्र बदलत नाही.

चौकट: काय राहून गेले तर काय होते

रजिस्टरांवरचा हक्क सोडला नाही, तर पुढच्या प्रयत्नाला ‘ही जागा आधीच कोणाच्या तरी ताब्यात आहे’ असे उत्तर मिळते आणि तो तिथेच फसतो.

मेमरी परत केली नाही, तर ती रीस्टार्टपर्यंत कोणाच्याच उपयोगाची राहत नाही. याला गळती म्हणतात.

कार्ड थांबवण्याआधी डीएमएची मेमरी परत केली, तर ती दुसऱ्या कोणाला दिली गेल्यावरही कार्ड तिच्यात लिहीत राहू शकते. आयओएमएमयू नावाचा पहारेकरी भाग असेल तर तो असे लेखन अडवतो, पण तो प्रत्येक यंत्रात नसतो किंवा चालू ठेवलेला नसतो.

इंटरप्ट सोडला नाही, तर पुढची हाक अशा कामाकडे वळते ज्याचे सामान केव्हाच गेलेले असते.

फसले की कोणी मागून येत नाही

ड्रायव्हरमध्ये प्रोबच्या जोडीला दुसरे काम लिहिलेले असते, ‘रिमूव्ह’. उपकरण काढले की कर्नल ते बोलावतो आणि त्यात सगळे परत दिले जाते. नवशिक्या लेखकाची पहिली समजूत अशी होते, की प्रोब मध्येच फसला तर कर्नल रिमूव्ह बोलावून आवराआवर करून घेईल. तसे होत नाही. प्रोबने अपयश कळवले तर रिमूव्ह बोलावले जात नाही, आणि हा नियम योग्यच आहे. कारण रिमूव्ह हे पूर्ण उभा असलेला मांडव उतरवण्यासाठी लिहिलेले असते. खांब रोवून झाले आणि कापड आलेच नाही, अशा अवस्थेत ते चालवले तर जे घेतलेच नव्हते तेही ते परत करू पाहील. म्हणून प्रोब जिथे फसला, तिथवर घेतलेले सारे प्रोबनेच परत करून बाहेर पडायचे असते.

परत करण्याचा क्रम घेण्याच्या क्रमाच्या बरोबर उलटा. खांब आधी काढले तर कापड आणि दिवे अंगावर येतात. समजा ड्रायव्हरने आधी मेमरी घेतली, मग इंटरप्ट घेतला, आणि फर्मवेअर सापडले नाही. आता त्याने मेमरी आधी परत केली आणि इंटरप्ट नंतर सोडला, तर या दोन ओळींच्या मध्ये मायक्रोसेकंदांची फट राहते. त्या फटीत हाक आली तर इंटरप्टचे काम परत केलेल्या मेमरीत हात घालते. हाक आपल्याच कार्डाकडून यायला हवी असेही नाही. एकाच इंटरप्टच्या तारेवर अनेक उपकरणे असू शकतात, आणि शेजारच्या उपकरणाने हाक मारली तरी त्या तारेवरच्या सगळ्यांना विचारले जाते. ही चूक इतकी नेहमीची आहे की लिनक्समध्ये तिच्यासाठी तपासणीची खास सोय आहे. ती चालू ठेवली तर वाटून घेतलेला इंटरप्ट सोडला जात असताना कर्नल मुद्दाम एक खोटी हाक मारून पाहतो. क्रम चुकला असेल तर ते तिथेच उघड होते.

सी भाषेत हा उलटा क्रम लिहिण्याची रूढ पद्धत ‘गोटू’ या आज्ञेवर उभी आहे. प्रोबच्या तळाशी परत देण्याच्या ओळी उलट क्रमाने एकाखाली एक लिहितात आणि प्रत्येकीला नाव देतात: ‘इंटरप्ट सोडा’, ‘डीएमए परत करा’, ‘हक्क सोडा’. फर्मवेअर फसले तर ‘इंटरप्ट सोडा’वर उडी. इंटरप्टच मिळाला नाही तर त्याच्या खालच्या ‘डीएमए परत करा’वर उडी. जिथे उडी घ्याल तिथून खालचे सगळे होत जाते, वरचे होत नाही. म्हणजे जितके चढलो तितकेच उतरतो.

यावर जुना आक्षेप आहे. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी मार्च 1968 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात गोटू हानिकारक ठरवला, आणि त्यानंतरच्या पिढ्यांना तो टाळायला शिकवले गेले. त्यांची तक्रार अशी होती, की वाटेल तिथून वाटेल तिकडे उड्या मारल्या की प्रोग्रॅम कोणत्या टप्प्यावर आहे हे वाचणाऱ्याला सांगता येत नाही. ती तक्रार खरीच आहे. पण आवराआवरीच्या गोटूला ती लागू पडत नाही, कारण इथे उडी एकाच दिशेला, खाली, जाते आणि पोहोचलेली जागाच सांगते की आपण किती चढलो होतो. गोटू नाकारून तेच काम करायचे तर एकात एक घुसलेल्या अटी लिहाव्या लागतात किंवा तीच आवराआवर प्रत्येक ठिकाणी नव्याने लिहावी लागते, आणि पाच ठिकाणी लिहिलेल्या यादीतून एका ठिकाणी एक ओळ सुटणे फार सोपे असते. लिनक्स कर्नलच्या लेखनशैलीच्या अधिकृत दस्तऐवजात म्हणूनच गोटूची शिफारस आहे. मात्र त्यात एक इशाराही आहे: सगळ्या अपयशांसाठी तळाशी एकच सामायिक जागा ठेवू नये, कारण तिथे पोहोचताना एखादी वस्तू घेतलीच गेलेली नसते आणि तरी ती परत करण्याचा प्रयत्न होतो.

‘चार केबी गेले तर बिघडले कुठे?’

सगळ्यात वजनदार आक्षेप व्यवहारी आहे. वाय-फाय सुरू न होणे विरळा. त्यातही गळती काही किलोबाइटची. आणि आज साध्या फोनमध्येही अनेक गिगाबाइट मेमरी असते. मग एवढी यातायात कशासाठी? आपल्या रोजच्या अ‍ॅपपुरता हा आक्षेप पुष्कळसा खराही आहे. अ‍ॅप कसेही बंद पडले तरी कर्नल त्याची मेमरी आणि उघड्या फाइली गोळा करून घेतो. पण ड्रायव्हर कर्नलच्या आत राहतो, आणि कर्नलच्या मागे गोळा करायला कोणी नसते. ड्रायव्हरचा प्रोग्रॅम कर्नलमधून काढून टाकला तरी त्याने मागून घेतलेली साधी मेमरी आपोआप सुटत नाही. तिथे सांडलेले यंत्र बंद होईपर्यंत सांडलेलेच राहते, आणि राउटर तर महिनोन्‌महिने बंद होत नाही.

दुसरे म्हणजे, अपयश विरळा असते हे गृहीतकच चुकीचे आहे. फोनमध्ये किंवा छोट्या संगणक-पाटीवर वाय-फायच्या चिपला वीज देणारा नियंत्रक हे वेगळे उपकरण असते आणि त्याचा ड्रायव्हरही वेगळा असतो. यंत्र सुरू होताना वाय-फायचा ड्रायव्हर आधी आणि विजेचा नंतर आला, तर वाय-फायचा प्रोब ‘अजून वेळ आहे, मला नंतर बोलवा’ असे कळवून बाहेर पडतो. 2012 मध्ये लिनक्सच्या 3.4 आवृत्तीत ही सोय आली आणि आज ती सर्रास वापरली जाते. म्हणजे अगदी निरोगी यंत्रातही, चालू होण्याच्या पहिल्या काही सेकंदांत, प्रोब एकदा किंवा अनेकदा फसतो आणि पुन्हा केला जातो. अपयशाची वाट ही तिथे नित्याची वाट आहे. दर फेरीला रजिस्टरांवरचा हक्क सुटायचा राहिला, तर विजेची सोय झाल्यावरही वाय-फाय चालू होणार नाही.

तिसरे कारण सुरक्षेचे. 2019 साली लिनक्सच्या ड्रायव्हरांतल्या अशाच सुटलेल्या ओळींची मोठी मालिका उघड झाली आणि त्यांना सुरक्षा-दोषांचे क्रमांक मिळाले. सीव्हीई-2019-19057 हा मार्व्हेलच्या वाय-फाय ड्रायव्हरमधला, सीव्हीई-2019-19059 इंटेलच्या ड्रायव्हरमधला, सीव्हीई-2019-19063 रिअलटेकच्या यूएसबी ड्रायव्हरच्या प्रोबमधला. तिन्हींचा आशय एकच: मधला टप्पा फसला की आधी घेतलेली मेमरी परत होत नाही, आणि ते अपयश कोणी पुन्हा पुन्हा घडवून आणले तर यंत्राची मेमरी संपू शकते. हे क्रमांक देणे अतिरेकाचे होते असे काहींना वाटेल, कारण मेमरी मिळण्यात अपयश आणणे बाहेरच्या माणसाला सोपे नाही. त्यात तथ्य आहे. गळती हा या जातीतला सौम्य दोष. पण जी आवराआवर विसरल्याने गळती होते, तीच अर्धवट केल्याने काय होते हे पुढच्या प्रकरणात दिसते.

एथेरॉसच्या ड्रायव्हरचे प्रकरण

एआर9271 ही एथेरॉस कंपनीची चिप अनेक स्वस्त यूएसबी वाय-फाय उपकरणांत आहे. तिचा लिनक्समधला ड्रायव्हर 2010 मध्ये आला आणि आजही वापरात आहे. तो फर्मवेअर उपकरणात उतरवतो आणि उपकरणाकडून ‘मी तयार आहे’ या निरोपाची वाट पाहतो. ड्रायव्हरच्या स्रोतातल्या टिपेनुसार फर्मवेअरला तयार व्हायला 50 मिलिसेकंद लागू शकतात, म्हणून सावधगिरीने 1 सेकंद थांबले जाते. तेवढ्यात निरोप आला नाही, तर ‘टार्गेट इज अनरिस्पॉन्सिव्ह’ अशी नोंद होते, उभारणी फसते, आणि घेतलेली मुख्य रचना, म्हणजे ड्रायव्हरच्या स्वतःच्या हिशेबाची मेमरी, परत केली जाते. गळती काहीच नाही. कागदावर सगळे बरोबर.

दोष क्रमात होता. वाट पाहायला लागण्याआधीच ड्रायव्हरने आपल्या मुख्य रचनेचा पत्ता यूएसबीकडून पाकिटे घेणाऱ्या भागाच्या हाती दिला होता. तो भाग आधीपासून जागा असतो; असायलाच हवा, कारण ‘तयार आहे’ हा निरोपही त्याच्यामार्फतच येणार. आता 1 सेकंद संपला, मुख्य रचना परत झाली, पण पाकिटे घेणाऱ्या भागाकडचा पत्ता कोणी पुसला नाही. त्यानंतर उपकरणाकडून एखादे उशिराचे पाकीट आले. त्या भागाने आलेल्या पाकिटांच्या हिशेबाचा आकडा वाढवण्यासाठी त्या पत्त्यावर हात घातला, आणि तिथे आता दुसऱ्याच कोणाची मेमरी होती. मैदान परत केले, पण वाटलेल्या पत्रिकांवर पत्ता तसाच राहिला, तर पाहुणे त्या पत्त्यावर येणारच. परत केलेल्या मेमरीच्या अशा वापरामुळे यंत्र कोसळू शकते, आणि कसबी हल्लेखोराच्या हाती ते कर्नलवर ताबा मिळवण्याचे साधन होऊ शकते. या दोषाला सीव्हीई-2022-1679 हा क्रमांक मिळाला, आणि त्याच्या वर्णनात यंत्र कोसळण्याबरोबर अधिकार वाढवून घेण्याची शक्यताही नोंदवलेली आहे.

दुरुस्ती कशी केली हे पाहण्याजोगे आहे. एक मार्ग असा होता, की पत्ता वापरण्याआधी दर वेळी कुलूप लावायचे, तपासायचे, उघडायचे. दुरुस्ती करणाऱ्याने तो घेतला नाही. पत्ता हाती देण्याची ओळ उचलून उभारणीच्या शेवटी नेली, आणि हिशेबाच्या आकड्यांना ‘पत्ता अजून मिळाला नसेल तर काही करू नका’ असे सांगितले. आता 1 सेकंदाची वाट फसली तर पत्ता कोणाकडे गेलेलाच नसतो, म्हणून तो पुसायचाही प्रश्न येत नाही. आवराआवर वाढवण्यापेक्षा आवरायची गोष्टच कमी केली. परत देण्याच्या ओळी मोजून ड्रायव्हर बरोबर आहे की नाही ते कळत नाही, हे या प्रकरणातून दिसते. वस्तू परत केली का, याबरोबरच तिचा पत्ता कोणाकोणाला दिला होता, हेही विचारावे लागते.

अपयश उशिरा कळते तेव्हा

आतापर्यंत आपण धरून चाललो की प्रोब चालू असतानाच अपयश कळते. वाय-फायमध्ये तसे पुष्कळदा नसते. फर्मवेअरची फाइल डिस्कवरून आणायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ यंत्राचे चालू होणे अडवून ठेवणे परवडत नाही. म्हणून एथेरॉसचा हा यूएसबी ड्रायव्हर आणि इंटेलचा ड्रायव्हर कर्नलला ‘फाइल मिळाली की कळवा’ असे सांगून प्रोबमधून यशस्वी म्हणून बाहेर पडतात. खरी उभारणी नंतर, वेगळ्या धाग्यात, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामात, होते. फाइल मिळाली नाही तर आता प्रोबला अपयश कळवता येत नाही, कारण तो केव्हाच संपला. ड्रायव्हरला स्वतःच उपकरणापासून सुटण्याची विनंती करावी लागते, आणि मग मघाशी ज्याला आपण पूर्ण मांडव उतरवणारा म्हटले तो रिमूव्हच अर्ध्या मांडवावर चालून येतो.

इथे उडी मारून सुटता येत नाही. कुठवर पोहोचलो हे लिहून ठेवावे लागते. एथेरॉसच्या ड्रायव्हरमध्ये त्यासाठी ‘तयार’ अशी एक खूण आहे. उभारणी पूर्ण झाल्यावरच ती लावली जाते, आणि उपकरण सुटताना ती असेल तरच वाय-फायचा मुख्य भाग उतरवला जातो. दुसरी अडचण अशी, की फाइल येण्याची वाट चालू असतानाच वापरणाऱ्याने उपकरण उपटले तर काय? एका धाग्यात उभारणी आणि दुसऱ्यात उतरवणी एकाच वेळी सुरू होऊ शकते. म्हणून हा ड्रायव्हर सुटताना आधी फर्मवेअरचे काम, यशस्वी किंवा अयशस्वी, संपण्याची वाट पाहतो आणि मगच आवरायला घेतो. फाइल मिळाली नाही या मार्गावर ‘काम संपले’ हा निरोप द्यायचा राहिला, तर सुटणारा धागा कायमचा थांबून राहतो, आणि वापरणाऱ्याला दिसते ते इतकेच की यूएसबीची ती खाच मेली.

आपोआप आवरणारी व्यवस्था, आणि तिची मर्यादा

एवढे सगळे माणसाने लक्षात ठेवायचे का, ही शंका रास्त आहे. 2007 मध्ये लिनक्सच्या 2.6.21 आवृत्तीत यावर एक उत्तर आले. डिस्क-नियंत्रकांच्या ड्रायव्हरांतल्या फसलेल्या प्रोबच्या चुका पाहून ते घडवले गेले. त्यात ड्रायव्हर मेमरी, रजिस्टरांचा हक्क, इंटरप्ट या गोष्टी उपकरणाच्या नावावर मागतो. कर्नल त्या उपकरणापाशी यादी ठेवतो, आणि प्रोब फसला किंवा उपकरण सुटले की यादीतले सगळे उलट क्रमाने आपणच परत घेतो. परत देण्याच्या ओळीच नाहीत, म्हणजे त्या विसरण्याचा प्रश्न नाही. या सोयीने हजारो ओळी कमी झाल्या. नवा ड्रायव्हर लिहिताना तीच पहिली निवड असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण तिच्यावर डोळे मिटून विसंबणे वेगळे. यादीतली आवराआवर प्रोब अपयश कळवून बाहेर पडल्यानंतर होते. प्रोबमध्ये काही गोष्टी हाताने परत केल्या असतील तर त्या यादीच्या आधी जातात, मग त्या केव्हाही घेतलेल्या असोत. वाय-फाय ड्रायव्हरची मुख्य रचना बहुधा हाताने घेतली-दिली जाते. इंटरप्ट मात्र सोयीचा म्हणून यादीत टाकलेला असतो. मग फसलेल्या प्रोबमध्ये मुख्य रचना आधी परत होते, इंटरप्ट नंतर सुटतो, आणि आपण वर पाहिलेली तीच फट पुन्हा उघडते. ओळी सगळ्या आहेत, गळती नाही, आणि तरी दोष आहे. यातून सुटण्याचे दोन मार्ग आहेत. परत देण्याचे आपले कामही त्याच यादीत नोंदवावे. तशी सोय आहे. नाहीतर हाताने घेतलेल्या पहिल्या गोष्टीनंतर यादीत काहीही टाकू नये.

2023 च्या 6.5 आवृत्तीत आणखी एक सोय आली. एखादी वस्तू ज्या कंसात घेतली तो कंस संपला की ती आपोआप परत होते, आणि यश मिळाल्यास ती ठेवून घ्यायची असे वेगळे सांगावे लागते. रस्ट या भाषेला 6.1 आवृत्तीपासून, डिसेंबर 2022 मध्ये, कर्नलमध्ये जागा मिळाली. तिच्यात वस्तूची मालकी भाषेच्याच नियमांत बांधलेली आहे आणि परत केलेल्या वस्तूचा पत्ता वापरणारा साधा प्रोग्रॅम तयारच होत नाही. मग सी मधल्या या कसरतीवर आता श्रम का घालवायचे, असे विचारले जाते. एक तर आज चालू असलेले वाय-फाय ड्रायव्हर जवळजवळ सगळे सी मध्ये आहेत आणि ते वर्षानुवर्षे राहतील. दुसरे, भाषेचे नियम प्रोसेसरवर चालणाऱ्या ओळींना बांधतात. डीएमएने मेमरीत लिहिणारे कार्ड ते वाचत नाही. कार्ड आधी थांबवा, मगच मेमरी परत करा, हा क्रम कोणत्याही भाषेत माणसालाच ठरवावा लागतो. भाषा फार तर तो ठरवलेला क्रम नंतर मोडू देत नाही.

अपयश मुद्दाम घडवणे

लिहिणाऱ्याच्या यंत्रावर वाय-फाय जवळजवळ नेहमीच चालू होते, म्हणून अपयशाच्या ओळी त्याच्यासमोर कधी चालतच नाहीत. त्यांना चालवण्याची सोय लिनक्समध्ये 2007 च्या 2.6.20 आवृत्तीपासून आहे: मेमरी शिल्लक असतानाही कर्नल ‘नाही’ म्हणेल असे सांगता येते. पुढे तिच्यात अशी भर पडली, की एखाद्या कामातली पहिली मागणी नाकारा, मग पुन्हा चालवून दुसरी, मग तिसरी, असे शेवटपर्यंत जाता येते. दहा मागण्यांच्या प्रोबला दहा अपयशे, आणि प्रत्येकानंतर तपासणी. गळती शोधणारे साधन 2009 पासून कर्नलमध्ये आहे. परत केलेल्या मेमरीला हात लागताच ओरडणारे केसॅन हे साधन 2015 पासून आहे. ही तिन्ही एकत्र चालवली तर 2019 च्या मालिकेतल्यासारखे बरेचसे दोष ड्रायव्हर बाहेर पडण्याआधीच सापडू शकतात.

एथेरॉसचा दोष मात्र यात सापडला नसता. तिथे कोणतीही मागणी नाकारली गेली नव्हती. उपकरण वेळेत बोलले नव्हते, आणि नको तेव्हा बोलले होते. तो सापडला सिझबॉटला. गूगलची ही व्यवस्था 2017 पासून कर्नलवर रात्रंदिवस वेडेवाकडे प्रयोग करत असते आणि जे कोसळेल त्याची नोंद सार्वजनिक करते. यूएसबीच्या बाबतीत ती खरे उपकरण वापरतच नाही. आभासी संगणकात आभासी यूएसबी खाच तयार करते आणि तिच्यात प्रोग्रॅमने बनवलेले खोटे उपकरण जोडते. खोटे उपकरण आपण एथेरॉसचे आहोत असे सांगते, ड्रायव्हर त्याच्यावर विश्वास ठेवून फर्मवेअर उतरवतो, आणि मग ते गप्प बसू शकते, किंवा भलत्या वेळी भलते पाकीट पाठवू शकते. खोटे उपकरण जोडण्याची ही सोय, रॉ गॅजेट, 2020 च्या 5.7 आवृत्तीपासून मूळ कर्नलमध्येच आहे. सी येणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला एका साध्या संगणकावर, एकही वाय-फाय उपकरण विकत न घेता, ‘तयार आहे’ हा निरोप कधीच न पाठवणारे उपकरण बनवता येते आणि एथेरॉसचा यूएसबी ड्रायव्हर एक सेकंदानंतर काय करतो ते केसॅन चालू ठेवून पाहता येते.